झाडावरून पुन्हा जमिनीवर

पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करणाऱ्या अमेरिकी माणसाची गोष्ट सांगताना बहुतेक लेखक बंदुका आणि धनुष्यं कशी बदलत गेली ते सांगतात. मला ती गोष्ट तो बसतो कशावर, यावरून सांगावीशी वाटते. ही शिकार बहुतांशी बसण्याचीच असते. पहाटे अंधारात जाऊन एका जागी बूड टेकायचं आणि तीन-चार तास हलायचं नाही. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे थेट पाठीमागचा थोडा भाग सोडला, तर त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. बारकावे मात्र आपल्याइतके स्पष्ट दिसत नाहीत, आणि तांबडा-नारिंगी रंग तर आपल्यासारखा कळतच नाही. कोणत्या लांबीच्या प्रकाशलहरी त्याच्या डोळ्याला जाणवतात, हे संशोधकांनी 1990 च्या दशकात मोजून दाखवलं. त्यामुळे अनेक राज्यांत कायद्याने सक्तीचं असलेलं भडक नारिंगी जाकीट घालूनही शिकारी हरणाच्या नजरेतून निसटू शकतो. पण मुंग्या आलेला पाय त्याने जरा लांब केला, की सकाळ वाया गेलीच म्हणायची.

1911 च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी, एकटा माणूस लोकांना आढळला. याही नावाच्या जमातीतला तो शेवटचा. त्याची माणसं गोऱ्या वसाहतवाल्यांनी मारून संपवली होती. मानवशास्त्रज्ञांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आणलं आणि जग त्याला इशी या नावाने ओळखू लागलं. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातला शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप त्याचा मित्र झाला, आणि धनुर्विद्येत शिष्यही. 1914 साली पोप आणि मानवशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर इशीला घेऊन त्याच्या जुन्या मुलखात, डीअर क्रीकच्या दऱ्याखोऱ्यांत गेले. तिथे त्याने आपली शिकारीची रीत दाखवली. पोपने ती टिपून ठेवली म्हणून आज आपल्याला कळते. हरणामागे जायच्या आधी इशी मासे खात नसे, तंबाखूला शिवत नसे, कारण अंगाला वास राहतो. दगडाच्या आडोशाला बसून तो दुमडलेलं पान ओठांत धरी आणि पाडसासारखा आवाज काढी. त्याचं धनुष्य आखूड होतं, तो ते तिरकं धरी, आणि बाण सोडताना उकिडवा बसलेला असे.

माझ्या दृष्टीने या साऱ्या इतिहासाची किल्ली त्या उकिडव्या बसण्यात आहे. इशीला बसायला काही लागत नव्हतं. गुडघे छातीशी, टाचा जमिनीला टेकलेल्या, शरीर झुडपाएवढं लहान झालेलं, आणि उठायचं तर हातही टेकावा लागत नाही. आपल्याकडे बांधावर तासभर असं बसून गप्पा मारणारी माणसं अजून आहेत. पोपचं धनुष्यबाणाच्या शिकारीवरचं पुस्तक 1923 साली आलं आणि अमेरिकेत या शिकारीचं नवं पर्व सुरू झालं. पण ते वाचणारे खुर्चीवर वाढलेले होते. इशीचा बाण त्यांनी घेतला, त्याची बैठक त्यांच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती. पुढची शंभर वर्षं ती उणीव भरून काढण्यात गेली.

तोवर शिकार करण्याजोगी हरणं तरी कुठे उरली होती! एकोणिसाव्या शतकात मांस आणि कातड्यासाठी बाजारू शिकार बेसुमार झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरात कुत्री सोडून हरणाला तळ्यात पळवायचं आणि नावेतून गाठायचं, ही सर्रास रीत होती. विन्स्लो होमर या चित्रकाराने 1892 साली ती रंगवली आहे. थिओडोर व्हॅन डाइकने 1882 सालीच दबकत चालून करायच्या शिकारीवर आख्खं पुस्तक लिहिलं होतं, पण दबकत चालायला रानात जनावर हवं. 1900 च्या सुमारास देशभरातली या हरणांची संख्या पाच लाख किंवा त्याहूनही खाली आली होती. त्याच वर्षी लेसी कायद्याने चोरट्या शिकारीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं गुन्हा ठरवलं. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. 1970 च्या दशकात धनुष्यबाणही त्या कराखाली आले. आज ही हरणं तीन कोटींच्या आसपास मानली जातात. एकट्या विस्कॉन्सिनमध्ये 2000 साली सहा लाखांहून अधिक हरणं मारली गेली, तरी कळप टिकून आहेत. शिकाऱ्याच्या खिशातून उभं राहिलेलं हे पुनरुज्जीवन मला विसाव्या शतकातल्या मोठ्या कामांपैकी एक वाटतं, आणि त्याची दखल घेतल्याशिवाय स्टुला-खुर्च्यांकडे वळणं योग्य नाही.

केवळ धनुर्धाऱ्यांसाठी हरणांचा वेगळा हंगाम पहिल्यांदा ठेवला तो विस्कॉन्सिनने, 1934 साली. तिथल्या धनुर्धाऱ्यांमध्ये आल्डो लिओपोल्ड होता. वन्यजीव व्यवस्थापनाचा पाया घालणारा हा प्राध्यापक आपली धनुष्यं स्वतः घडवायचा, आणि त्याची पत्नी एस्टेला तर राज्याची महिला विजेती होती. 1935 साली त्याने वाळूच्या जमिनीवरचं एक पडीक शेत घेतलं, तिथल्या कोंबड्यांच्या खुराड्याचं राहण्याजोगं खोपटं केलं आणि चार फळ्या ठोकून बाक बनवला. तो बाक आजही लिओपोल्ड बाक म्हणून लोक घरी करतात. त्यावर बसून तो पहाटे कॉफीचं भांडं शेजारी ठेवून पक्ष्यांच्या आवाजांची नोंद करायचा. शिकारीचा बाक तो नव्हता. पण शांत बसता आलं की रान आपण होऊन पुढ्यात येतं, हे त्या माणसाला पुरतं ठाऊक होतं, आणि ते ठाऊक होण्यात त्याच्या शिकारीचा वाटा मोठा होता.

त्या काळातला सामान्य शिकारी ओंडक्यावर, झाडाच्या बुंध्यावर किंवा पालथ्या बादलीवर बसे. पाच गॅलनची प्लॅस्टिकची बादली पुढे इतकी रुळली, की गोठलेल्या तळ्यावर मासे धरणारे आणि हरणवाले यांचं ते सामाईक आसनच झालं. आत काडतुसं, डबा आणि थर्मास, वर झाकणाला फोमची गादी. बादली बर्फावर करकरते, पाठीला टेकू देत नाही, आणि दोन तासांनी मांड्यांना कड रुतते. तरी ती फुकट मिळते, म्हणून तिचं राज्य अजून संपलेलं नाही.

मग माणसं झाडावर चढली. काही राज्यांत आधी हे बेकायदा होतं. मिशिगनसारख्या ठिकाणी धनुर्धाऱ्यांना आधी परवानगी मिळाली आणि बंदूकवाल्यांना बरीच नंतर. 1970 च्या दशकापासून बुंध्याला कवटाळत स्वतःसकट वर सरकवायचे फलाट बाजारात आले, पाठोपाठ शिडीचे आणि साखळीने टांगायचेही आले. कारणं भक्कम होती. हरीण सहसा वर बघत नाही, शिकाऱ्याचा वास डोक्यावरून वाहून जातो, आणि वरून झाडलेली गोळी जमिनीतच घुसते, त्यामुळे पलीकडच्या माणसाला धोका कमी. होलिस विल्बर ॲलनने चाकांचं कंपाउंड धनुष्य शोधलं आणि 1969 साली त्याचं पेटंट मिळवलं. ते पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार बराच उतरतो, त्यामुळे आखडलेल्या जागेत उभं राहूनही नेम धरून थांबता येऊ लागलं. 1980 च्या दशकात झाडाच्या सालीची चित्रं छापलेले कपडे आले. 1990 पर्यंत हरणाची शिकार म्हणजे झाडावर बसणं, असंच नवी पिढी धरून चालली होती.

प्रवाहाविरुद्ध राहिलेले थोडेच. व्हरमाँटचं बेनवा कुटुंब त्यांत सगळ्यांत नावाजलेलं. लॅरी बेनवा आणि त्याचे मुलगे ताज्या बर्फावर एका मोठ्या नराचा माग धरत आणि तो सापडेपर्यंत डोंगर तुडवत, लोकरी कोट अंगात, रायफल हातात. त्यांना आसनाची गरजच नव्हती. पण त्यासाठी माणसांची वर्दळ नसलेलं अफाट जंगल हवं, आणि ते सगळ्यांच्या नशिबी नाही.

मराठी वाचकाला मचाण नवं नाही. आपल्याकडे हरणाच्या शिकारीचं दार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लोटलं आणि 1991 च्या दुरुस्तीने पक्कं बंद केलं. ते योग्यच झालं, कारण आपल्याकडे शिकारीच्या पैशातून रान पुन्हा उभं करणारी व्यवस्था कधी नव्हतीच. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री ताडोबा-मेळघाटात पाणवठ्यावरच्या मचाणावर बसणारे आता फक्त नोंद करतात. व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी बंदूक घेऊन हिंडले आणि नंतर नागझिऱ्यात रिकाम्या हाताने राहिले. मचाणावर रात्र काढलेल्याला तिथली सुरक्षितता कळते आणि अंतरही कळतं. जनावर खाली असतं, आपण वर, दोघांची हवा वेगळी. जमिनीवरच्या लपणात बसलं की त्याचं नाक आणि आपलं नाक एका पातळीवर येतात. मला शिकारीची खरी बरोबरी तिथेच दिसते, आणि म्हणून अमेरिकी शिकारी खाली उतरू लागला याचा मला आनंद आहे.

तो उतरला याला तत्त्वापेक्षा हाडं जास्त कारणीभूत झाली. झाडावरून पडून मणके मोडणाऱ्यांची संख्या इतकी वाढली, की अनेक राज्यांत शिकारीतल्या दुखापतींचं मोठं कारण गोळी लागणं नसून पडणं हे ठरलं. सुरुवातीला कमरेला एक पट्टा बांधत. पडल्यावर तोच पट्टा श्वास कोंडी. मग मांड्या आणि खांद्यांभोवतीचा पूर्ण साज आला, पण त्यात लटकून राहिलेल्या माणसाच्याही पायांत रक्त अडकून जीव धोक्यात येऊ शकतो. त्यातच शिकारी म्हातारे झाले. सरकारी पाहणीनुसार 1991 साली देशात 1 कोटी 41 लाख शिकारी होते, 2016 साली 1 कोटी 15 लाख. तरुण कमी येत होते आणि जे टिकून होते त्यांचे गुडघे शिडी चढायला कां-कूं करत होते.

1990 च्या दशकात मिनेसोटातल्या डबल बुल कंपनीने कापडी तंबूसारखं लपण काढलं. भिंतीचा मध्य बाहेर ओढला की सांगाडा ताणून पक्का बसतो आणि आत काळोख होतो. काळे कपडे घालून आत बसलं तर खिडकीतून आकृती दिसत नाही, थोडी हालचालही खपते. त्यामुळे लहान मुलाला शेजारी बसवून शिकवता येऊ लागलं, चाकाच्या खुर्चीतला माणूसही शिकारीला जाऊ लागला. उघड्या शेतात अचानक उगवलेल्या तंबूला हरणं बुजतात, म्हणून तो हंगामाच्या बराच आधी लावून वर फांद्या-गवत खोचावं लागतं. सार्वजनिक जंगलात बंदुकीच्या हंगामात दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी त्यातून जाऊ नये, यासाठी विस्कॉन्सिनमध्ये लपणावर सगळ्या बाजूंनी दिसेल असं 144 चौरस इंच भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी कापड लावावं लागतं.

लपण आलं आणि खुर्चीचा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हा उभा राहिला. तंबूच्या खिडकीची उंची ठरलेली असते. घडीच्या तिवईवर बसून नेम धरला तर बाणाचं टोक खिडकीच्या कडेखाली राहतं, आणि उंच खुर्चीवर डोकं छताला लागतं. म्हणून आता पाय कमी-जास्त करता येणाऱ्या खुर्च्या निघाल्या आहेत. त्या आवाज न करता पूर्ण गोल फिरतात आणि त्यांच्या पायांना मऊ मातीत रुतू नये म्हणून रुंद चकत्या असतात. वजनाने त्या जड. गाडी जवळ नेता येत असेल तरच घ्याव्यात.

लपणाविना, नुसतं झाडाला टेकून बसायचं तर गणित उलटं. तिथे बसकी बैठकच हवी. टर्की पक्ष्याच्या शिकाऱ्यांची जुनी शिस्त अशी, की खांद्यापेक्षा रुंद बुंधा पाठीशी घ्यावा. आकृती त्यात मिसळते आणि मागून कोणी चुकून झाडलीच तर आडोसा मिळतो. त्यांच्या जाकिटालाच मागे दुमडती गादी असते. रायफलवाल्याला वीतभर उंचीचं आसन पुरतं, कारण वर आलेल्या गुडघ्यांवर कोपर टेकता येतं. धनुर्धाऱ्याचं तेवढ्यात भागत नाही, कमानीचं खालचं टोक जमिनीला लागतं. त्याला गुडघाभर उंची हवी आणि हातांची टेकणी अजिबात नकोत. आडव्या कमानीचं क्रॉसबो या दोघांच्या मधलं. विस्कॉन्सिनने 2014 पासून त्याला स्वतंत्र हंगाम दिला, तेव्हापासून तिकाटण्यावर क्रॉसबो टेकवून मध्यम उंचीच्या खुर्चीत बसणारे बरेच दिसतात. पाठीवर दूर वाहून न्यायचं असेल तर गिर्यारोहकांसाठी केलेल्या ॲल्युमिनियम नळ्यांच्या खुर्च्या उत्तम, किलोभराच्याही आत बसतात, पण त्यांत माणूस मागे कलंडून बसतो आणि हरीण आल्यावर पुढे येताना कापड कुरकुरतं. तीन पायांच्या कॅनव्हासच्या स्टुलाबद्दल माझं मत वाईट आहे. पुढची कड मांडीच्या शिरा दाबते, तासाभरात पाय बधिर होतात, आणि पाठीला आधार नसल्याने माणूस सारखा कूस बदलतो.

खुर्ची दुकानात पाच मिनिटं बसून कळत नाही. घरी आणावी, थंडीचे सगळे कपडे आणि बूट चढवावेत, अर्धा तास न हलता बसावं. मग उजव्या खांद्याकडे वळून नेम धरावा, तसाच डाव्या खांद्याकडे, कारण उजव्या हाताच्या माणसाला उजवीकडे वळणंच जड जातं. खुर्ची वाजली तर सांध्यांना फेल्टचे तुकडे लावावेत. शेवटी हात न टेकता उठून पाहावं. जमलं नाही तर दोन बोटं उंच असलेली दुसरी आणावी.