पिकअपला पाटे वाढवण्याआधी एकदा काट्यावर जा

गेल्या महिन्यात उत्तनचा एक तरुण माझ्या बॅचला आला होता. त्याने सेकंडहँड पिकअप घेतलीय. बंदरावरून मासळी उचलायची आणि मीरा रोडच्या हॉटेलांना, सोसायट्यांना पोचवायची, असा प्लॅन. प्लॅन चांगलाच होता. मग त्याने खिशातून एक कागद काढला. "सर, गाडीला एवढं करून घ्यायचंय. जरा बघा."

कागदावर लिहिलं होतं: मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवणे, हौद्यात जाड लोखंडी पत्रा, पुढे क्रॅश गार्ड, टपावर एलईडी बार, म्युझिक सिस्टीम, आणि काचेवर मोठ्या अक्षरात 'आई एकवीरा'. सगळं मिळून अठ्ठ्याहत्तर हजार.

मी म्हटलं, आईचं नाव जरूर लिही, फक्त समोरचा रस्ता दिसेल असं वरच्या पट्टीत लिही. बाकीच्या यादीबद्दल बसून बोलू.

ती यादी मला ओळखीची होती, कारण सात-आठ वर्षांपूर्वी मी स्वतः तशीच केली होती. भाईंदर पूर्वेला माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. पुठ्ठ्याचे बॉक्स, टेप, स्ट्रेच रोल, बबल रोल. आमच्याकडच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधले स्टीलच्या भांड्यांचे कारखाने हे माझं मोठं गिऱ्हाईक. माल भिवंडीच्या गोडाऊनमधून यायचा आणि दर फेरीचं भाडं बघून माझा जीव जळायचा. म्हणून एक जुनी छोटी पिकअप घेतली. बीबीएला आम्हाला ब्रेक-इव्हन पॉइंट शिकवला होता, पण अॅक्सलवर किती वजन पडतं ते कोणी शिकवलं नव्हतं.

बॉडीवाल्या मिस्त्रीने बघितलं आणि म्हणाला, "शेठ, दोन पाटे टाकू, मग गाडी बसणारच नाही." मला तेच ऐकायचं होतं. पाटे टाकले. आणि खरंच गाडी बसेना. आरसीप्रमाणे साडेसातशे किलो घ्यायच्या गाडीत मी हजार, अकराशे किलो घालायला लागलो. दोन फेऱ्यांचं काम एका फेरीत. महिनाभर मी स्वतःला फार हुशार समजत होतो.

मग जुलैमधली ती संध्याकाळ आली. भिवंडीहून घोडबंदर रोडने परत येत होतो. मागे टेपचे बॉक्स आणि स्ट्रेच रोल. दिसायला थोडेच, पण वजनाला भयानक. गायमुखचा घाट चढून उतरणीला लागलो, पाऊस धो धो. पुढचा कंटेनर थांबला. मी ब्रेक दाबला. पुढची चाकं जाम झाली, पण मागून गाडी ढकलतच राहिली. कंटेनरच्या मागच्या कोपऱ्यावर डाव्या बाजूने आदळलो. डाव्या बाजूला आमचा हेल्पर बसला होता, एकोणीस वर्षांचा पोरगा. त्याचा हात दोन ठिकाणी मोडला. तो आणखी चार इंच पुढे असता तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

विम्याचा सर्व्हेअर आला. त्याने फार प्रश्न विचारले नाहीत. बिलावरचं मालाचं वजन आणि आरसीवरचं वजन शेजारी-शेजारी ठेवलं, वाकून पाटे मोजले आणि फोटो काढले. दुरुस्तीचे पैसे शेवटी माझ्याच खिशातून गेले. पोराच्या ऑपरेशनचेही. ते तर जायलाच हवे होते.

पाटा नक्की काय करतो?

हे मला नंतर काशीमिऱ्याच्या एका जुन्या मेकॅनिकने गाडीखाली झोपवून दाखवलं. पाटा वाढवला म्हणून गाडीची ताकद वाढत नाही. चासी तीच, अॅक्सल तोच, टायर तेच, ब्रेक तेच. फक्त गाडी बसलेली दिसत नाही. म्हणजे ताप मोजायचा थर्मामीटर आपण फोडून टाकतो आणि म्हणतो, चला, ताप गेला.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या अॅक्सलला एक छोटी काडी जोडलेली असते, ती वर ब्रेकच्या व्हॉल्व्हला जाते. माल भरला की हौदा खाली येतो, काडी सरकते आणि व्हॉल्व्हला कळतं की आता मागे वजन आहे, मागच्या चाकांना जास्त ब्रेक द्यायला हवा. गाडी रिकामी असली की तो मागे कमी ब्रेक देतो, म्हणजे मागची चाकं जाम होऊन गाडी फिरत नाही. आता तुम्ही पाटे वाढवले. अकराशे किलो भरले तरी हौदा खालीच येत नाही. व्हॉल्व्ह समजतो गाडी रिकामी आहे. मागे ब्रेक अर्धवट, आणि ढकलायला अकराशे किलो. गायमुखला माझं हेच झालं होतं.

शिवाय कडक पाट्यांमुळे प्रत्येक खड्ड्याचा दणका सरळ चासीत जातो. पाट्याचं हँगर जिथे चासीला बसवलेलं असतं तिथे केसासारखी चीर पडायला सुरुवात होते. जुनी गाडी घेताना टॉर्च घेऊन आधी ती जागा बघा, सीट कव्हर नंतर.

कायद्याचं थोडक्यात

या भागात फार रमत नाही, पण माहीत हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेली गाडी परवानगीशिवाय बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल चालणार नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. ओव्हरलोडला वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. माल हौद्याच्या बाहेर आला किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेला तरी वीस हजार. क्रॅश गार्डबद्दल केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं. एवढंच काय, मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायलाही आपल्या राज्यात २०१५ पासून बंदी आहे, तरी आपले पेंटर लोक ते अजून प्रेमाने लिहितात.

दिलासा देणाऱ्याही गोष्टी आहेत. गाडीचं भरलेलं एकूण वजन तीन हजार किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. आणि साध्या एलएमव्ही लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. फिटनेसचं पासिंग मात्र विसरू नका. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर आरसीवर नोंद हवी, आणि सिलेंडरची टेस्ट दर तीन वर्षांनी.

मग पैसे कुठे घालायचे?

हौद्यात. पिकअपमध्ये कमाई फक्त हौदा करतो, केबिन नाही.

पण इथेही एक गंमत आहे. आरसीवर दोन वजनं असतात, रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं. दोघांमधला फरक म्हणजे तुमचा धंदा. हौद्यात तुम्ही जे काही वेल्ड कराल ते त्या फरकातून कमी होतं. तीन मिलिमीटरचा लोखंडी पत्रा एका चौरस मीटरला साधारण चोवीस किलो भरतो. छोट्या पिकअपचा हौदा धरा सात फूट बाय पावणेपाच फूट. नुसत्या तळाला पत्रा टाकला तरी सत्तर किलोच्या वर गेलात. म्हणजे मासळीचे दोन-तीन क्रेट कायमचे गाडीतून उतरवले, आणि डिझेल मात्र त्यांचं रोज जाळताय. तेवढ्याच जाडीचं अॅल्युमिनियम एक-तृतीयांश वजनात बसतं. महाग आहे, मान्य. पण अॅल्युमिनियम थेट लोखंडावर ठेवू नका, मध्ये रबर घाला, नाहीतर खाऱ्या हवेत दोन्ही एकमेकांना खातात. माझा माल कोरडा असतो, म्हणून मी बारा एमएमचा मरीन प्लाय टाकला आणि माझं काम झालं.

माल हलका पण मोठा असेल, म्हणजे बॉक्स, थर्माकोल, पाव-बिस्किट, तर उंच हौदा परवडतो. मी हिशोब असा केला होता: आठवड्याला तीन फेऱ्या वाचतात, एका फेरीला डिझेल आणि टोल-पार्किंग धरून साडेतीनशे, म्हणजे आठवड्याला एक हजार पन्नास. पंचवीस हजारांची बॉडी सहा महिन्यांत वसूल. वसूल व्हायला एक वर्षाच्या वर लागत असेल तर ते काम मी करत नाही. एलईडी बार माझ्या हिशोबात कधीच वसूल झाला नाही. नवीन गाडी घेणार असाल तर उंच हौद्याचं मॉडेल कंपनीकडूनच घ्या, किंवा केबिन-चासी घेऊन बॉडी आधी बांधा आणि तशीच पासिंग करा. मागाहून उंची वाढवत बसू नका.

जाता जाता एक सांगतो. 'टेम्पो' हे मुळात कंपनीचं नाव. फिरोदियांच्या बजाज टेम्पोने १९५८ पासून तीनचाकी गाड्या बनवल्या आणि आपण सगळ्याच छोट्या मालगाड्यांना टेम्पो म्हणायला लागलो. मग २००५ मध्ये टाटांचा एस आला, आपला 'छोटा हाथी'. त्याचं ७०२ सीसीचं इंजिन म्हणजे जवळजवळ इंडिकाचं इंजिन अर्धं केलेलं, दोन सिलेंडरचं. अख्खी गाडीच अशी तोलून-मापून बनवलेली. त्यात आपण पाटे वाढवतो म्हणजे बनवणाऱ्याच्या हिशोबाचा कागद फाडतो.

खारी हवा

आपल्या मीरा-भाईंदरला एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, मध्ये मिठागरं. पुण्यात जी गाडी दहा वर्षं टिकते ती इथे पाच वर्षांत खालून सडते. मासळीच्या गाडीचं तर विचारूच नका. बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या फटीतून थेंब-थेंब चासीवर पडतं. म्हणून हौद्याला उतार आणि पाणी जायला दोन नळ्या हव्यात, पाणी अॅक्सलच्या मागे थेट रस्त्यावर पडेल अशा. रोज रात्री गोड्या पाण्याने हौदा आणि खालची बाजू धुवायची. हे काम उद्यावर ढकललं की गंज आलाच.

मे महिन्यात अंडरबॉडी कोटिंग करा, पण आधी गंज घासून काढा. गंजावर कोटिंग म्हणजे जखमेवर रंग. आपल्याकडे चासीवर जळकं ऑइल मारायची पद्धत आहे. लोखंड वाचतं, पण ते ऑइल ब्रेकच्या रबरी पायपांवर आणि बुशांवर गेलं की रबर फुगतं. रस्त्यात पाणी तुंबून चाकं बुडाली असतील तर दोन दिवसांत मागच्या डिफरन्शियलचं ऑइल बघून घ्या. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, लगेच बदला. टायरची हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, थंड असताना. आणि एक वही. किलोमीटर, डिझेल, काय बदललं, किती लागले. बस.

तर उत्तनच्या त्या मुलाकडे परत येतो. मी त्याला म्हटलं, अठ्ठ्याहत्तर हजार नंतर, आधी काट्यावर जाऊ. काही रुपयांची चिठ्ठी लागते, बाकी काही नाही. रिकामी गाडी काट्यावर चढवली. आरसीवर जे रिकामं वजन होतं त्यापेक्षा एकशे दहा किलो जास्त! त्याला कळेना, मलाही कळेना. हौद्याचा तळ बोटाने वाजवून बघितला तर आवाज भरीव. आधीच्या मालकाने पत्र्यावर पत्रा वेल्ड केला होता, आणि वाढवलेले पाटे तर होतेच.

मिस्त्रीने ग्राइंडरने वरचा पत्रा कापून उचलला. खालचा मूळ पत्रा बिस्किटासारखा हातात आला. त्याखाली चासीच्या आडव्या पट्टीत बोट जाईल एवढं भोक.

तो पोरगा बराच वेळ त्या भोकाकडे बघत उभा होता. मग त्याने खिशातला तो कागद काढला, मिस्त्रीकडून पेन घेतलं आणि 'आई एकवीरा' सोडून सगळ्या ओळींवर काट मारली. खाली नवीन लिहिलं: आडवी पट्टी, जादा पाटे काढणे, अॅल्युमिनियम तळ, दोन नळ्या.