जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार

इंग्लंडमध्ये रस्त्यावरील यांत्रिक वाहनांवरचे जाचक निर्बंध १८९६ साली शिथिल झाले, आणि त्या मुक्ततेचा आनंद साजरा करण्यासाठी त्याच वर्षीच्या १४ नोव्हेंबरला मोटारींचा एक तांडा लंडनहून ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्याकडे निघाला. त्या प्रवासाच्या स्मरणार्थ १९२७ पासून, युद्धकाळासारखे अपवाद वगळता, दरवर्षी तोच मार्ग आक्रमिला जातो, आणि १ जानेवारी १९०५ पूर्वी तयार झालेल्या मोटारींनाच त्यात प्रवेश असतो. शंभरी केव्हाच ओलांडलेली ही वाहने हिवाळ्याच्या तोंडी, थंडीपावसात, स्वतःच्या बळावर मुक्काम गाठतात, यातच या छंदाचे मर्म साठविलेले आहे. जुनी मोटार चालती राहिली पाहिजे आणि तरीही ती जुनीच राहिली पाहिजे. या दोन अपेक्षा पावलोपावली एकमेकींच्या आड येतात, आणि त्यांचा मेळ घालण्यात हौशी माणसाची सारी बुद्धी, पैसा आणि सबुरी खर्ची पडते.

१९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने तयार झालेली फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ हे या विद्येचे पहिले पाठ्यपुस्तक मानावयास हरकत नाही. तिचे चार सिलिंडरांचे इंजिन २.९ लिटरचे, शक्ती अवघी २० अश्वशक्ती. पेट्रोल पुढे ढकलणारा पंप नाही, टाकी बैठकीखाली असल्यामुळे पेट्रोल केवळ उताराने कार्बुरेटरकडे जाते, आणि म्हणूनच टाकी भरलेली नसली की तीव्र चढ उलट्या गिअरमध्ये, पाठमोरे चढण्याची वेळ चालकावर येई. रेडिएटरमधील पाणीही तापून हलके झाले की वर चढते व निवून खाली उतरते, एवढ्याच निसर्गनियमावर फिरत असते. ठिणगीची वेळ स्टिअरिंगच्या डावीकडील दांडीने चालकाने स्वतः ठरवावयाची. हँडल मारण्यापूर्वी ती दांडी वर सारून ठिणगी उशिरा पडेल अशी तजवीज न केल्यास हँडल उलटे फिरून मनगट मोडते. म्हणून हँडल डाव्या हाताने, अंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवून, खालून वर ओढावे असा दंडक पडला. अशा मोटारीत यंत्राची प्रत्येक क्रिया डोळ्यांना दिसते आणि हाताला कळते, व तिच्याविषयी वाटणारी ओढ मला तरी याच पारदर्शकतेतून उपजलेली वाटते.

जीर्णोद्धाराचे काम पान्याने सुरू होत नाही, ते कागदाने सुरू होते. इंजिन आणि चासीचे क्रमांक टिपणे, प्रत्येक भाग सोडविण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घेणे, कोणता बोल्ट कोठला याची चिठ्ठी बांधणे, या दफ्तरी शिस्तीचा कंटाळा करणाऱ्याची मोटार पुढे वर्षानुवर्षे डब्यांमध्ये विखुरलेली राहते. त्यानंतर गंज, कुजलेले लाकूड आणि घासलेले धातू यांचा हिशेब. त्या काळच्या बहुसंख्य मोटारींचे सांगाडे लाकडी असून त्यांवर पत्रा ठोकलेला असे. वरून पत्रा धडधाकट दिसला तरी आतील लाकूड पोखरलेले निघते.

इंजिनात सर्वांत कसबाचे काम बेअरिंगचे. आजच्याप्रमाणे तयार कवची बाजारातून आणून बसविण्याची सोय त्या इंजिनात नाही. कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा मिश्रधातू वितळवून तो जागच्या जागी ओतावा लागतो. ओतण्यापूर्वी भोवतालचे लोखंड पुरेसे तापलेले नसेल तर मिश्रधातू त्याला धरत नाही, आणि वरून निर्दोष दिसणारे बेअरिंग थोड्याच प्रवासात भेगाळते. ओतल्यानंतर ते यंत्रावर कातून घ्यावयाचे, मग क्रँकशाफ्टला निळ्या रंगाचा पातळ लेप देऊन तो त्यात फिरवावयाचा, जेथे रंग उमटेल तेथे उंचवटा आहे असे समजून तेवढाच भाग खरवडावयाचा, आणि संपूर्ण पृष्ठावर रंग सारखा उमटेपर्यंत हाच क्रम चालवावयाचा. हे काम घाईने होत नाही, आणि ते जाणणारे फिटर आता विरळ झाले आहेत.

मग प्रश्न उरतो तो मर्यादेचा. काय बदलावे आणि काय राखावे? कारखान्यातून निघाली तेव्हाही नसेल इतकी झळाळी मोटारीस देण्याची हौस पुष्कळांना असते. जुना रंग खरवडून, विरलेले चामडे फेकून, सारे निकल नव्याने चढवून ते तिला प्रदर्शनात उभी करतात. ही हौस मला मान्य नाही. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ साली स्वीकारलेल्या तुरिन सनदेनेही जतनाला अग्रक्रम दिला आहे: शक्य तेथे मूळ भाग टिकवावा, आवश्यक तेथेच दुरुस्ती करावी आणि नवे काय घातले याची नोंद ठेवावी. मूळ रंगाचा थर एकदा खरवडला की तो कारखान्यात कसा लावला जाई याचा पुरावा कायमचा नष्ट होतो, आणि नवा रंग कितीही उत्तम असला तरी तो पुरावा परत देऊ शकत नाही.

आपल्याकडे या छंदाला वेगळेच वळण लागले. १९२८ पासून मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना होता. स्वातंत्र्यानंतर, देशातच उत्पादन करणाऱ्यांना वाव द्यावयाचा असे सरकारी धोरण ठरले आणि १९५० नंतरच्या दशकात परदेशी कंपन्यांनी येथील जुळणी बंद केली. सुटे भाग दुर्मिळ झाले, तेव्हा लेथवर पिन कातणारे, हातोडीने मडगार्ड घडविणारे आणि मुंबईच्या चोरबाजारातून नेमका दिवा हुडकून आणणारे मिस्त्री या मोटारींचे खरे त्राते ठरले. कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांसाठी जर्मनीत तयार झालेली भगव्या रंगाची मेबॅक दसऱ्याच्या शाही सोहळ्यात अजूनही स्वतःच्या चाकांवर येते. ती रस्त्यावर येते त्यामागे अशाच अनामिक हातांचे श्रम आहेत.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या खासगी मोटारींना ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी दिली. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून तिची मुदत दहा वर्षांची आहे. चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा अशी अट त्यात आहे, ती मला विशेष मोलाची वाटते. मात्र अशा मोटारीचा दैनंदिन वा व्यापारी वापर करता येत नाही.

राहिली रोजची निगा. मोटार नुसती झाकून ठेवल्यास तिचा नाश अधिक वेगाने होतो, म्हणून ती वरचेवर बाहेर काढून इंजिन पुरते तापेपर्यंत चालवावी; क्षणभर सुरू करून बंद केल्यास आत बाष्प साठते आणि गंजाला आमंत्रण मिळते. हल्लीच्या पेट्रोलमधील इथेनॉल ओलावा शोषून घेते व जुने रबर मऊ करते, तेव्हा दीर्घकाळ उभी राहणार असल्यास टाकी व कार्बुरेटर रिकामे करावे आणि रबरी नळ्या त्या इंधनास टिकणाऱ्या जातीच्या घालाव्यात. पुष्कळ वर्षे न उघडलेल्या इंजिनात आधुनिक, मळ सोडविणारे तेल एकदम ओतू नये. सुटलेला गाळ तेलाच्या वाटा बुजवितो. प्रथम खालचे पात्र उतरवून ते स्वच्छ करावे, आणि मगच तेलाची निवड करावी.