फड बंधारे
धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवर फड पद्धतीचे दगडी बंधारे आहेत. ही पद्धत सुमारे 300 ते 400 वर्षे जुनी मानली जाते. बंधारा मोठा साठा करत नाही. तो पात्रातील पाण्याची पातळी उंचावतो. उंचावलेले पाणी काठावरच्या पाटात शिरते आणि केवळ उताराने शेतापर्यंत जाते. पुराचे पाणी माथ्यावरून वाहून जाते. वरच्या बंधाऱ्याचे जादा पाणी खालच्या बंधाऱ्याला मिळते. भिजणाऱ्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडतात; एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, दरवर्षी पिकांची फेरपालट करायची. पाणी पाटकरी सोडतो. देखरेख शेतकऱ्यांची पंचमंडळी करते. सामूहिक पाणीवाटपाचा हा महाराष्ट्रातील मोलाचा वारसा आहे.