मुक्तिफौजेचा एक रविवार

पहाटे ५.१५. शेवगाव तालुक्यातलं एक गाव. जानेवारीची थंडी. कॅप्टनबाई चुलीवर पाणी तापवतायत. गॅस आहे, पण तो फक्त स्वयंपाकाला. सिलिंडर दोन महिने पुरवायचा असतो. मुक्तिफौज, म्हणजे साल्व्हेशन आर्मी, ही ख्रिस्ती चळवळ. तिच्यात अधिकारी सहसा नवरा-बायको दोघंही असतात. यांचे यजमानही कॅप्टनच. ते कालच दुसऱ्या वाडीवर मुक्कामाला गेलेत. दोघांना महिन्याला भत्ता मिळतो. त्यात घर, मुलाची फी आणि स्कूटीचं पेट्रोल बसवायचं.

६.००. नी ड्रिल. रविवारची पहिली प्रार्थना, गुडघे टेकून. चौघीजणी आल्यात. फरशी गार पडलीय, म्हणून सतरंजी दुहेरी घातलीय. एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना चालते. बरीचशी नावं ऊसतोडीला गेलेल्यांची. दसरा झाला की ही कुटुंबं गाव सोडतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परत येता येत नाही. मार्चपर्यंत अर्धा हॉल रिकामाच.

७.१५. झाडलोट. पत्र्याचा हॉल, समोर लाकडी व्यासपीठ. भिंतीवर फौजेचा झेंडा: तांबडा, निळ्या किनारीचा, मधे पिवळा तारा. कोपऱ्यात एक पोरगा ढोलकीच्या दोऱ्या ओढतोय. थंडीनं पान उतरलंय, आवाज बसलाय. नवं पान चढवायला तालुक्याला सातशे रुपये सांगितले. तोवर उन्हात ठेवायची आणि ओढून घ्यायची.

८.३०. स्कूटीत शंभराचं पेट्रोल. लिटरभरही येत नाही. रस्ता कांद्याच्या शिवारातून. रविवार असला तरी लागवड थांबत नाही. रोपं उपटून ठेवली की ती वाट बघत नाहीत. आठ बायका वाफ्यात वाकलेल्या. रोज तीनशे. बाई चप्पल बांधावर काढतात, रोपांची एक जुडी घेतात आणि त्यांच्या ओळीत बसतात. अंगठ्यानं भोक, रोप आत, माती दाबायची. बोलणं हात चालवतच होतं.

“मावशी, संध्याकाळी साक्ष देणार ना?”

“काय सांगू बाई? माझ्याकडं मोठं काही नाही.”

“मोठं नकोच. झालंय तेवढंच सांगा. आणि सुनेचं नाव घेऊ नका.”

मावशी हसतात. सुनेचं नाव त्या घेणारच होत्या.

साक्ष म्हणजे सभेत उभं राहून आपला अनुभव सांगणं. साक्षीचे नियम बाईंनी या बांधांवरच शिकवलेत. आपलं तेच सांगायचं. दुसऱ्याची अब्रू काढायची नाही. आजारी माणसाला औषध बंद करायला सांगायचं नाही. आणि थोडक्यात आवरायचं, म्हणजे पुढच्याला वेळ मिळतो.

१०.३०. सकाळची उपासना. वीस-बावीस माणसं, म्हातारी आणि शाळकरी जास्त. पेटी, ढोलकी, खंजिरी. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं एक भजन होतं. ख्रिस्ताला भजन-कीर्तनात आणायचा ध्यास या माणसानं १९१९ साली जाईपर्यंत सोडला नाही. या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांना त्यांची भजनं पुस्तक न उघडता येतात. मग दान. सैनिक, म्हणजे फौजेचे सभासद, आपापलं कार्ट्रिजचं, म्हणजे आठवड्याच्या दानाचं, पाकीट पुढं आणून ठेवतात.

दुपारी १.००. पाकिटं उघडायची वेळ. पाकिटावर सैनिकाचा नंबर. आत वीसची नोट, दहाची नाणी. एका पाकिटात चार घड्या घातलेली पन्नासची नोट. ती उलगडताना मातीचे कण टेबलावर पडतात. बाई नोट तळहातानं सपाट करतात, नंबर वहीत मांडतात. खजिनदार आजोबा पुन्हा मोजतात. सहाशे बारा रुपये. दोघांच्या सह्या. त्यानंतर बाजरीची भाकरी आणि वांग्याची भाजी.

३.३०. नगरच्या बूथ हॉस्पिटलातून परवाच घरी आलेल्या आजोबांची भेट. हॉस्पिटलही मुक्तिफौजेचंच. बाई गोळ्यांची पाकिटं तपासतात, रात्रीची वेगळी काढून देतात. आजोबांना गोष्टी सांगायच्यात. त्यांचे आजोबा सांगायचे त्या.

मुळात ही चळवळ लंडनच्या पूर्व भागातल्या गरीब वस्तीतली. विल्यम बूथ यांनी १८६५ मध्ये काम सुरू केलं, १८७८ मध्ये त्याला फौजेचं नाव दिलं. चौकात वाद्यं वाजवायची, माणसं गोळा झाली की कालपर्यंत दारूत बुडालेल्या माणसानं उभं राहून आपलं आयुष्य सांगायचं, ही त्यांची रीत. १९ सप्टेंबर १८८२ रोजी फ्रेडरिक टकर तीन साथीदारांसह मुंबईत उतरले. इंग्रज सरकारची आयसीएसची नोकरी त्यांनी सोडली होती. मुंबईच्या रस्त्यांवर गात मिरवणुका काढल्या म्हणून त्याच सरकारनं त्यांना अटक केली. पुढं ते भगवे कपडे घालून, अनवाणी हिंडले, फकीरसिंग नावानं. आजोबांना हे सगळं तोंडपाठ आहे. बाई परत एकदा ऐकून घेतात.

७.१५. संध्याकाळची सभा. मजुरीवरच्या बायका हातपाय धुऊन थेट आल्यात. दिवसभर त्यांना कुणी विचारलं असेल तर एवढंच, किती वाफे झाले. गाणं संपतं. बाई म्हणतात, “आता साक्षी.” आणि स्वतः बाजूला सरकून खाली बसतात.

मावशी उठतात. नखांत अजून काळी माती.

“सलाम मंडळी. सैनिक व्हायचं तर तंबाखू चालत नाही. मी मिश्री सोडली. दिवाळीत दाढ दुखली, परत लावली. हा आठवडा लावली नाही. डोकं धरतं. उद्याचं सांगत नाही. आज लावली नाही, एवढं खरं. प्रभूची स्तुती असो.”

त्या बसतात. “आमेन” येतं ते मोठ्यानं. डबी अजून कनवटीला असलेल्या दोघीही म्हणतात.

मग बाई फोन स्पीकरवर लावतात. पलीकडं कर्नाटकातल्या फडावरचा ऊसतोड्या. मागं ट्रॅक्टरचा आवाज. मुकादमानं हिशेबात दोनशे रुपये जास्त दिले होते, त्यानं परत केले. “बायको रागावली,” तो सांगतो. “अजून बोलत नाही. तिच्यासाठी प्रार्थना करा. माझ्यासाठी पण करा.” हॉल हसतो आणि लगेच प्रार्थना करतो.

शेवटी बारावीतली एक मुलगी उभी राहते. ओठ हलतात, आवाज येत नाही. ती खाली बसते. बाई तिला पुन्हा उठवत नाहीत. पुढचं गीत सुरू करतात.

९.४०. क्वार्टरमध्ये दोन वह्या. एक हिशेबाची. तिच्यात पेट्रोलचे शंभर रुपये चढतात. दुसरीत कोण बोललं, कोण राहिलं. मुलीच्या नावापुढं बाई लिहितात: बुधवारी दळण टाकायला जाताना घरी जाणे.

“काय बोलायचं ते शिकवणार?” मी विचारतो.

“नाही हो. शिकवलेलं लगेच कळतं मंडळीला. मी फक्त विचारणार, काय झालं ते. एकानं नीट ऐकलं, की मग चारचौघांत येतं बोलता.”

यावर त्यांचा भरवसा आहे. अख्खा रविवार त्यांच्या मागं हिंडल्यावर माझाही बसला.