करवंदांची बरणी

वैशाखात लोणावळ्याच्या बाजारात पानांच्या द्रोणांतून काळीभोर करवंदे विकायला येतात. मावळच्या डोंगरांवर काट्यांतून हात ओरबाडून घेत तोडलेला हा माल दोन-तीन दिवसांत आंबतो. म्हणून सायंकाळी मिळेल त्या भावाला तो द्यावा लागतो. मृगाचा पाऊस लागला की हंगामच संपतो. हे फळ टिकवता आले, तर तोडणारणीच्या श्रमांनाही मोल येईल. म्हणून त्याचा येथे थोडा विचार करू.

फळ नासते ते बुरशी, किण्व व जीवाणू यांमुळे. हवाबंद बाटलीत तापवलेले अन्न टिकते, हे निकोला आपेर या फ्रेंच हलवायाने १८१० साली प्रसिद्ध केले. त्याचे कारण पुढे पाश्चरच्या प्रयोगांनी उलगडले. उष्णतेने जंतू मरतात, साखर त्यांना लागणारे पाणी बांधून ठेवते आणि आंबटपणा घातक जीवाणूंना वाढू देत नाही. करवंद मुळातच आंबट. शिवाय कच्च्या फळात मुरंबा घट्ट करणारे पेक्टिनही भरपूर असते.

तेव्हा तीन भाग पिकलेली व एक भाग कच्ची करवंदे घ्यावीत. चीक जाईपर्यंत धुऊन, थोड्या पाण्यात शिजवून गर चाळावा. गराइतकीच साखर घालून आटवावे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच असल्याने तेथे पाणी ९८ अंशांनाच उकळते. म्हणून पाक १०२ ते १०३ अंशांवर आला की उतरवावा. उकळलेल्या काचेच्या बरण्यांत तो कढतच भरावा, वर पाव इंच जागा सोडावी व झाकण लावावे. मग तळाशी फडके घातलेल्या पातेल्यात, बरण्या बुडतील इतक्या उकळत्या पाण्यात त्या पंधरा मिनिटे ठेवाव्यात. सखल गावी दहा मिनिटे पुरतात. घाटमाथ्यावर ती पाच मिनिटे वाचवू नयेत. घाटातल्या दमट पावसाळ्यात सैल झाकणाखाली बुरशी हटकून धरते. आणि बुरशी दिसली, तर वरचा थर काढून उरलेले खाऊ नये. सारी बरणीच टाकावी.

गावोगावच्या महिला मंडळांनी एवढे मनावर घेतले, तर सायंकाळी उरलेली पाटी कवडीमोलाने द्यावी लागणार नाही. आम्हांस वाटते, प्रारंभ घरच्या एका बरणीने करावा.