उन्हात तापलेला जार आणि मुलांची नजर

मुदखेडला उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि दुकानांपासून लग्नमंडपांपर्यंत २० लिटरचे पाण्याचे जार दिसू लागतात. निळसर, पारदर्शक, कडक जार बहुधा पॉलिकार्बोनेटचा असतो. हे प्लास्टिक बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, या रसायनापासून बनते. जार तापला की बीपीए पाण्यात जास्त उतरते.

याचा डोळ्यांशी काय संबंध?

गर्भात आणि बालपणी डोळ्याचा पडदा घडताना थायरॉईड हार्मोन लागते. बीपीए त्याच्या कामात अडथळा आणू शकते. झेब्राफिश माशांवरील प्रयोगांत डोळ्यांच्या वाढीवर परिणाम दिसला. माणसांत मात्र हे सिद्ध झालेले नाही.

तरीही काळजी का?

युरोपने २०११ मध्ये बाळांच्या दूधबाटल्यांत बीपीएवर बंदी घातली. २०२३ मध्ये तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेने सुरक्षित मर्यादा २० हजार पटींनी खाली आणली.

काय करावे?

जार सावलीत ठेवा. पिण्याचे पाणी माठात किंवा स्टीलच्या भांड्यात काढा. गरम दूध प्लास्टिकमध्ये ओतू नका. गरोदर महिला व लहान मुलांबाबत हे कटाक्षाने पाळा. मुलाला फळ्यावरचे दिसत नसेल, तर प्लास्टिकला दोष देत थांबू नका. आधी डोळे तपासून घ्या.