पोरीच्या हातात हॉकीची काठी द्यायची तर...

गेल्या उन्हाळ्यात शिरूरच्या एका वाचक भगिनीने आम्हाला गाठले. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर कामाला जाणारी बाई. कामाची पाळी संपवून आली होती. जयभीम केला आणि सरळ मुद्द्यावर आली. "दादा, पोरगी अकरा वर्षांची आहे. मोबाइलवर लडाखच्या मुलींची बर्फावरची हॉकी बघितली, तेव्हापासून मलाही हॉकी खेळायचीय म्हणते. आमच्या घरात कोणी कधी खेळलं नाही. पोरीच्या हातात काठी द्यायची का पुस्तक, तेवढं सांगा."

प्रश्न एका आईचा होता, पण तो पुष्कळ घरांतला आहे. म्हणून या पानावर त्याचे उत्तर सविस्तर देत आहोत.

आधी त्या बर्फाविषयी. हिवाळ्यात लेह-कारगिलकडे सपाट मैदानावर पाणी सोडतात, रात्रीत ते गोठते आणि सकाळी त्यावर मुले खेळतात. पायात पाती लावलेले बूट, अंगावर जाड गाद्या, डोक्यावर जाळीचे शिरस्त्राण. लेहकडच्या बौद्ध घरांतल्या मुलीही त्यात आहेत. भारताचा मुलींचा बर्फावरचा संघ २०१६ साली पहिल्यांदा परदेशात खेळला, २०१७ मध्ये त्याने पहिला सामना जिंकला आणि २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन येथे आशिया चषकात कांस्यपदक आणले. आपल्या धम्मभगिनींचे हे कर्तृत्व मुलीला दाखवा, जरूर दाखवा. पण शिरूरला बर्फ दिसतो तो रसवंतीच्या गाड्यावर! बर्फाची हॉकी इथे शिकता यायची नाही. मातीवरची मात्र येईल, आणि त्यासाठी पुणे जिल्ह्यासारखा जिल्हा नाही.

धनराज पिल्ले खडकीचा. १९६८ चा जन्म. वडील तिथल्या दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करीत. घरात पोरे पुष्कळ आणि पैसा थोडा. कोणाच्या मोडक्या काठ्या दोरीने बांधून ही भावंडे खेळली. तो मुलगा चार ऑलिम्पिक आणि चार विश्वचषक खेळला आणि १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्याच्या कर्णधारपदाखाली भारताने सुवर्णपदक घेतले. मैदान राखणाऱ्याच्या घरात हे घडले, मैदान मालकीचे असणाऱ्याच्या घरात नव्हे.

आणि इतकेही लांब नको. आपल्या शेजारच्या फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक घेणाऱ्या भारतीय संघात होती. दौंड-बारामतीकडच्या माणसाला आसू काही परमुलूख वाटायचा नाही.

आता काठीचे सांगतो. दुकानात जाऊन चकचकीत महाग काठी घेऊ नका. जालंधर आणि मेरठकडच्या साध्या लाकडी काठ्या पुण्यात खेळाच्या सामानाच्या दुकानांतून हजार रुपयांच्या आत मिळतात. नव्या मुलाला तेवढ्याने भागते. काठी जमिनीवर उभी धरली की तिचे टोक मुलाच्या कमरेच्या आसपास यावे. "पुढे वाढेल, मोठीच घेऊ" असे आपण गणवेशात करतो, ते काठीत करू नका. लांब काठीने मूल ताठ उभे राहून खेळायला शिकते, आणि हॉकी हा वाकून खेळायचा खेळ आहे. एकदा ताठ खेळायची सवय लागली की मोडता मोडत नाही.

शिरूरच्या या मुलीबाबत आणखी एक अडचण निघाली. ती डावखुरी. शाळेतल्या कोणीतरी तिला सांगितले की डावखुऱ्यांना हॉकी जमत नाही. हे अर्धवट ज्ञान आहे. क्रिकेटची बॅट डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी चालते, बर्फाच्या हॉकीतही दोन्ही तऱ्हेच्या काठ्या असतात. आपल्या हॉकीत मात्र काठीची एकच बाजू सपाट असते, चेंडू त्याच बाजूने मारायचा, आणि डावखुऱ्यांसाठी उलटी काठी नियमात बसतच नाही. त्यामुळे डावा हात वर आणि उजवा खाली, हे सगळ्यांना सारखेच. पण यात डावखुऱ्याचे नुकसान कुठे आहे? काठी फिरवण्याचे काम वरचा हात करतो, म्हणजे डावा. उजव्या हाताची मुले तिथेच महिनोन्महिने अडतात. या मुलीचा तो हात आधीच तयार आहे!

चेंडूची मात्र घाई नको. हॉकीचा खरा चेंडू दगडासारखा टणक, वजन १५६ ते १६३ ग्रॅम. पहिले दोन महिने टेनिसच्या चेंडूवर काढा. विहाराच्या अंगणात सात-आठ चपला हातभर अंतराने मांडायच्या आणि त्यांच्यामधून काठीने चेंडू नागमोडी न्यायचा. एकदा काठीच्या सपाट बाजूने, एकदा मनगट वळवून. भिंतीवर चेंडू ढकलून परतणारा थांबवायचा. रोज वीस मिनिटे पुरे. कान भिंतीकडे लावला तर समजते, चेंडू ढकलल्याचा आवाज बारीक आणि मारल्याचा खणखणीत. लहान मुलाने आधी ढकलायला शिकावे. टणक चेंडू हाती आल्यावर नडगीचे पॅड आणि दातांचे रबरी कवच यांत काटकसर करू नये. दात पडला तर तो परत येत नाही. गोलरक्षकाचे सामान महाग असते, ते घरच्यांनी घेऊ नये. शाळेने किंवा मंडळाने एक संच घ्यावा आणि सगळ्यांनी वापरावा. आणि तो संच नसेल, तर टणक चेंडूपुढे कोणाचेही मूल गोलात उभे करू देऊ नका. तिथे आईबापांनी भीड बाळगायचे कारण नाही.

मैदानाचा प्रश्न कठीण आहे, तो लपवत नाही. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून मोठी हॉकी कृत्रिम गवतावर गेली. त्याआधी सोन्यावर सोने जिंकणारा आपला देश त्या वर्षी सातवा आला. पाणी मारलेल्या त्या गवतावर चेंडू सरळ आणि वेगात जातो. आपल्या मुरमाड मैदानावर तो खड्याला लागून उडतो. गरिबाचे मूल मुरमावर शिकते आणि परीक्षा मात्र गवतावर द्यावी लागते. दुसऱ्या कितीतरी गोष्टींत आपण हे पाहिलेच आहे. तरी मुरमावर शिकलेल्या मुलाची नजर आणि मनगट तयार होते, कारण चेंडू कुठे उडेल याचा भरवसा नसतो. पिंपरीच्या नेहरूनगरमध्ये मेजर ध्यानचंद यांच्या नावाचे कृत्रिम गवताचे मैदान आहे. २०२१ साली पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा तिथे झाली. दौंडकरांना पुण्यापर्यंत रेल्वे आणि पुढे लोणावळा लोकलने पिंपरी, असे जाता येते. शिरूरकरांना नगर रस्त्याने एसटी. रोज जाणे कोणालाच परवडणार नाही. पण एखादी स्पर्धा चालू असताना मुलांना नेऊन दिवसभर बसवा. भाकरी बांधून न्या.

मैदानावर मुलींसाठी संडास-मोरीची सोय आहे का, हे आईने स्वतः जाऊन पाहावे. कित्येक मुली बारा-तेराव्या वर्षी खेळ सोडतात आणि आपण म्हणतो, पोरीला गोडी राहिली नाही.

यानंतर आम्ही दौंडला गेलो, ते एका बापाला भेटायला. रेल्वेतला साधा कामगार माणूस. त्याच्या मुलाने चार वर्षे हॉकी खेळली. घरात भिंतीवर पंधरा-सोळा प्रमाणपत्रे काचेच्या चौकटीत लावली होती. मुलगा भरतीला उभा राहिला तेव्हा कळले की त्यातले एकही चालत नाही. कोणी कुठे भरवलेल्या स्पर्धा, प्रत्येक वेळी प्रवेश फी, टी-शर्ट, रंगीत कागद. शासनाच्या मान्यतेतली एकही नाही. "साहेब, ही पोरं पळत होती खरी, पण चुकीच्या रस्त्यावर पळत होती, आणि रस्ता मीच दाखवला होता," तो म्हणाला. चहा झाला तरी बराच वेळ तो त्या चौकटींकडे बघत होता.

म्हणून हे नीट वाचून घरात ठेवा. मुलाला शाळेमार्फतच खेळवा. क्रीडा खात्याच्या शालेय स्पर्धा जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी चढतात, आणि त्यात संघाची नोंद शाळेने करावी लागते. शाळा म्हणाली आमच्याकडे हॉकी नाही, तर अकरा मुलींच्या पालकांनी मिळून मुख्याध्यापकांकडे अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. या अकरांत वस्तीबाहेरच्याही मुली असू द्या, खेळाला अकरा लागतात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गात ते वेगळे मोजले जाते. पण पदाच्या दर्जाप्रमाणे राज्य, राष्ट्रीय किंवा त्यावरच्या पातळीवरचे यश लागते, स्पर्धा मान्यताप्राप्त लागते आणि प्रमाणपत्र क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावे लागते. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांचा प्रस्तावही शाळेमार्फत वेळेत गेला पाहिजे. कुठल्याही स्पर्धेची फी भरण्यापूर्वी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात एकदा विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

दुसरा रस्ता शिवछत्रपती क्रीडा प्रबोधिनीचा. शासनाची ही योजना १९९६ पासून आहे. निवड झालेल्या मुलाचे राहणे, जेवण, शाळा आणि प्रशिक्षण तिथे शासन बघते. साधारण ८ ते १४ वर्षांच्या मुलांच्या चाचण्या होतात, आणि गंमत अशी की त्यात हॉकीचे ज्ञान विचारत नाहीत. उंची-वजन, ३० मीटर धावणे, जागेवरून लांब उडी, उभी उडी, मेडिसिन बॉल फेकणे, दहा-दहा मीटरच्या सहा फेऱ्या, ८०० मीटर धावणे. यातले बहुतेक सगळे घोडनदीच्या काठी करता येते. अकरावे वर्ष म्हणजे वेळ गेलेली नाही, पण दोन वर्षे "बघू बघू" करण्याइतकी शिल्लकही नाही.

हे सगळे सांगून झाल्यावर शिरूरच्या त्या भगिनीने शेवटी जे विचारले, ते खरे तर तिला पहिल्यापासून विचारायचे होते. "आणि दादा, उद्या तिथे कोणी जात काढली तर?"

आम्ही तिला वंदना कटारियाची हकिगत सांगितली. हरिद्वारजवळच्या रोशनाबादची दलित मुलगी. शेजारपाजारचे नावे ठेवीत असताना बाप पाठीशी उभा राहिला. तो २०२१ च्या मे महिन्यात गेला. संघाच्या शिबिरात असल्यामुळे तिला त्याचे अंत्यदर्शनही झाले नाही. त्याच उन्हाळ्यात टोकियोला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिने एका सामन्यात तीन गोल केले. ऑलिम्पिकमध्ये असे करणारी ती पहिली भारतीय स्त्री. चार दिवसांनी उपान्त्य सामन्यात भारत हरला आणि तिच्या घरासमोर काही जणांनी फटाके फोडले, नाचले, जात काढून शिव्या दिल्या. संघात यांचे लोक फार घेतले म्हणून हरलो, असे म्हणाले. घरच्यांनी पोलिसांत तक्रार केली, अटकाही झाल्या. वंदना त्यानंतर खेळतच राहिली. हांगझोच्या त्या कांस्यपदकाच्या संघात ती आणि आपली आसूची वैष्णवी एकत्र होत्या. २०२५ मध्ये ती निवृत्त झाली तेव्हा तिचे देशासाठीचे ३२० सामने झाले होते.

जात काढणार नाहीत, असे खोटे आश्वासन आम्ही त्या आईला दिले नाही. मुलीने घरी येऊन सांगितलेच, तर "जाऊ दे, लक्ष देऊ नको" म्हणू नका, एवढे मात्र बजावले. कोण, केव्हा, काय बोलले ते तारखेसह लिहून ठेवा, शाळेला लेखी द्या, आणि दुसऱ्या दिवशी मुलीला मैदानावर स्वतः सोडायला जा. १९२८ साली भारताला हॉकीचे पहिले ऑलिम्पिक सुवर्ण मिळाले, तेव्हाच्या संघाचा कर्णधार जयपालसिंग मुंडा हा आदिवासी होता. पुढे तो बाबासाहेबांच्या बरोबर संविधान सभेत बसला. तेव्हा हा खेळ काही कोणी आपल्याला उपकार म्हणून दिलेला नाही.

आणि काठी की पुस्तक? आम्ही म्हटले, काठी संध्याकाळची, पुस्तक रात्रीचे. दोन्हींच्या मध्ये मोबाइल आहे, तो काढून घ्या. बाई हसली. मग पदराच्या गाठीतून कागद काढून तिने काठीची लांबी लिहून घेतली. मुलीला अंगणात उभे करून कमरेपर्यंत सुतळीने मोजले आणि ती सुतळी कागदात गुंडाळून ठेवली. रविवारी सुट्टी होती, पुण्याची पहिली एसटी किती वाजता सुटते ते तिला आधीच माहीत होते.